उपग्रहावरचं इंटरनेट: गावाकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकबरोबर, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्पेसएक्सच्या कंपनीबरोबर, इरादापत्रावर सही केली आणि तेव्हापासून ‘आता रेंजचा प्रश्न मिटला का?’ ही विचारणा थांबायला तयार नाही. गडचिरोलीच्या टोकापासून कोकणातल्या वाड्यांपर्यंत जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं या पानावर आहेत. माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे. ज्यांच्या घरी फायबर पोचलंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तुमचं कनेक्शन यापेक्षा स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा चांगलंही.

घरावर टीव्हीची छत्री आहे. तिच्यावरच इंटरनेट चालेल का?

नाही. टीव्हीची छत्री फक्त वरून येणारं घेते, वर काही पाठवत नाही. शिवाय ती आकाशातल्या एकाच ठिकाणी रोखून बसवलेली असते, कारण टीव्हीचा उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो आणि आपल्याला जागचा हलल्यासारखा वाटत नाही.

इंटरनेटचे नवे उपग्रह खूप खालून, तासाला साधारण २७ हजार किलोमीटर वेगाने जातात. एक उपग्रह तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच असतो, तो मावळायच्या आत दुसऱ्याने काम हाती घ्यावं लागतं. त्यासाठीचा अँटेना सपाट पाटीसारखा असतो. पाटी जागची हलत नाही, आतल्या शेकडो छोट्या अँटेनांच्या जोरावर तिचा झोत उपग्रहामागे फिरतो. ही पाटीच या सगळ्या प्रकरणातली महाग वस्तू आहे.

उपग्रह स्वतः ‘इंटरनेट’ बनवत नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या पाटीकडून आलेला सिग्नल तो जमिनीवरच्या मोठ्या स्टेशनकडे, म्हणजे गेटवेकडे, उतरवतो आणि तिथून पुढे नेहमीचं फायबरचं जाळं लागतं.

लेटन्सी म्हणजे स्पीडच ना?

नाही. दुकानदार आणि जाहिराती दोघेही हे दोन एकत्र करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा आला. लेटन्सी म्हणजे तुम्ही काही मागितल्यापासून पहिलं उत्तर परत येईपर्यंत गेलेला वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात. हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद.

जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुमची मागणी एवढी वर जाते, तितकीच खाली गेटवेकडे येते, आणि उत्तरालाही तेवढाच प्रवास करावा लागतो. एकूण अंतर होतं जवळजवळ १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासातच चांगले पावणेपाचशे मिलिसेकंद गेले. यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात सहाशेच्या पुढे जातं. इथे कुठल्याही इंजिनिअरची मात्रा चालत नाही, कारण अंतर कमी करणं कुणाच्या हातात नाही.

आता वेबसाइट उघडताना काय होतं ते बघा. आधी तिचा पत्ता शोधायचा, मग जोडणी करायची, मग माहिती सुरक्षित राहावी म्हणून कुलूप-किल्ल्यांची देवाणघेवाण, आणि त्यानंतर पान मागायचं. किमान चार फेऱ्या. प्रत्येकीला सहाशे मिलिसेकंद धरले तर जवळजवळ अडीच सेकंद स्क्रीन पांढरीच राहते, मग स्पीड कितीही असो. व्हिडिओ कॉलवर तर गंमतच. तुम्ही विचारता, ‘ऐकू येतंय का?’ पलीकडून काही येत नाही म्हणून पुन्हा विचारता, तेवढ्यात त्यांचं ‘हो, बोला’ येऊन तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आपटतं. मग दोघंही गप्प, आणि पुन्हा दोघंही एकदम बोलायला लागतात.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. तोच चार टप्प्यांचा हिशेब २,२०० किलोमीटरचा होतो, म्हणजे सातेक मिलिसेकंद. उपग्रह नेमका डोक्यावर नसतो, गेटवेपासून पुढचा प्रवासही असतो, म्हणून प्रत्यक्षात २५ ते ५० मिलिसेकंद लागतात. चांगल्या फोरजीला एवढंच लागतं.

पण सगळ्याच कामांना कमी लेटन्सी लागते, हे खरं नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लावणं, यूपीआयने पैसे पाठवणं, पीक विम्याचा अर्ज भरणं, या कामांना सहाशे मिलिसेकंद सहज चालतात. तिथलं दुखणं वेगळंच आहे: मुळात नेटच नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर मशीन घेऊन रेंजच्या टेकाडावर जायचं, रांग तिथेच लावायची, अंगठे तिथेच घ्यायचे आणि धान्याला परत खाली दुकानात यायचं, असा द्राविडी प्राणायाम चालतो. त्यांना हवी भरवशाची जोडणी. कमी लेटन्सी लागते ती डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला, शंका विचारता येईल अशा ऑनलाइन तासाला आणि घरून नोकरी करणाऱ्यांना.

मग भारतात आजवर उपग्रह इंटरनेट नव्हतं का?

होतं आणि आहे. खेड्यातली कित्येक एटीएम व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या छोट्या, छत्रीवरच चालतात. इस्रोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८मध्ये गेला, जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेटवरून गेला. एन२ची क्षमता ४८ जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) आणि जमिनीवर पडणारे झोत ३२, त्यातले ८ खास ईशान्य भारतासाठी. जिथे ग्रामपंचायती जोडणाऱ्या भारतनेट योजनेचं फायबर ओढणं जमलं नाही अशा हजारो ग्रामपंचायतींनाही उपग्रहाची जोडणी दिली गेली. पण हे सगळे उंचावरचे उपग्रह, म्हणजे वरची सहाशे मिलिसेकंदांची कथा आलीच.

कोणकोणत्या कंपन्या येतायत?

तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

युटेलसॅट वनवेबमध्ये आपल्या भारती समूहाची मोठी गुंतवणूक आहे. उपग्रह सहाशेच्या वर, उंची १,२०० किलोमीटर. त्यातले ७२ इस्रोने श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेटने सोडले, ३६ ऑक्टोबर २०२२मध्ये आणि ३६ मार्च २०२३मध्ये. ही कंपनी घरोघरी विकत नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे सरकार, सैन्य, टेलिकॉम कंपन्या आणि जहाजं.

जिओने लक्झेंबर्गच्या एसईएसशी हात मिळवलाय. त्यांचे उपग्रह मधल्या उंचीवर, साधारण ८ हजार किलोमीटरवर आहेत, त्यामुळे लेटन्सीही मधलीच. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांनी गीर, कोरबा, नबरंगपूर आणि जोरहाट इथे जोडण्या करून दाखवल्या होत्या.

तिसरी स्टारलिंक. जगभर नऊ हजारांच्या वर उपग्रह, आणि थेट घरगुती ग्राहकाला विकणारी एवढीच. तिला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५मध्ये मिळाला, अंतराळ क्षेत्राला परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी जुलैमध्ये, पाच वर्षांसाठी. ॲमेझॉनचा कुइपर प्रकल्पही, ज्याचं नाव आता ‘लिओ’ झालंय, रांगेत आहे.

जिओ-एअरटेलचं दुकान बंद होणार म्हणतात…

उलट. मार्च २०२५मध्ये दोघांनीही स्पेसएक्सशी करार केले, स्टारलिंकची यंत्रं आपल्या दुकानांतून विकण्यासाठी.

सरकारने सही केली, मग आमच्या गावात कधी येणार?

सही झाली ती इरादापत्रावर, पक्क्या करारावर नव्हे. तीसुद्धा केंद्राच्या सगळ्या परवानग्या मिळतील या अटीवर. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं आहेत. धाराशिव आणि वाशिम कसे आले, असं बरेच जण विचारतात, कारण तिथे ना घनदाट जंगल ना दुर्गम डोंगर. नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नेमके हेच चार आहेत. त्यामुळे ‘जिथे रेंज नाही ते जिल्हे’ असा याचा अर्थ लावू नका. रायगडच्या, पालघरच्या किंवा मेळघाटातल्या काही वाड्या धाराशिवपेक्षा जास्त अंधारात असतील.

भर सरकारी संस्था आणि सार्वजनिक सोयींवर आहे. ‘घरटी एक डिश’ असं त्यात कुठेही नाही. माझ्या मते हे योग्यच आहे. गडचिरोलीतल्या भामरागडचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचं गाव जगापासून तुटतं. अशा वेळी रुग्णालयात आणि तहसील कचेरीत रस्त्यावर अवलंबून नसलेली एक जोडणी चालू असणं, हे शंभर घरांत सिनेमे दिसण्यापेक्षा मोलाचं आहे.

२०२५ संपेपर्यंत सामान्य ग्राहकासाठी सेवा सुरू झालेली नव्हती. परवाना असला तरी स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायच्या रेडिओ लहरींचा पट्टा, मिळायला हवा आणि सुरक्षा यंत्रणांच्या चाचण्या पार पडायला हव्यात. २०२३च्या दूरसंचार कायद्यानुसार उपग्रहाचा स्पेक्ट्रम लिलावाने नाही, सरकार ठरवेल त्या दराने दिला जातो. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५मध्ये कंपनीच्या उत्पन्नाच्या ४ टक्के आकार सुचवला, आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. खेड्यातल्या ग्राहकावर हा जादा आकार नाही. म्हणजे ही सेवा कुणासाठी असावी, याचा कल कागदावर तरी स्पष्ट आहे.

महिन्याला किती पडेल?

डिसेंबर २०२५मध्ये ‘महिना ८,६०० आणि यंत्र ३४ हजार’ असे आकडे व्हॉट्सॲपवर फिरले. ते कंपनीच्या वेबसाइटवर दिसले होते हे खरं, पण चाचणीसाठीचा नमुना डेटा चुकून दिसला, भारतातले दर ठरलेले नाहीत, असा खुलासा कंपनीने लगेच केला. तेव्हा तो निरोप पुढे ढकलू नका.

अंदाजच बांधायचा तर शेजारी बघावं. भूतानमध्ये साधा प्लॅन ३,००० नगुल्ट्रमचा आणि त्यावरचा ४,२०० चा जाहीर झाला. नगुल्ट्रम आणि रुपया बरोबरीचे, त्यामुळे गुणाकाराची कटकट नाही. बांगलादेशात मे २०२५मध्ये सेवा सुरू झाली ती महिना ४,२०० आणि ६,००० टका (तिथलं चलन) या दराने, यंत्राचे ४७ हजार टका वेगळे. आपल्याकडेही केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी महिना तीन हजारांच्या आसपास असं सूतोवाच केलं होतं.

आता ‘परवडणारं’ म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचा दंडक असा, की प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत हवा. देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आसपास धरलं तर महिन्याला साडेतीनशे रुपयांच्या आत. जिओचं ३० एमबीपीएसचं फायबर ३९९ला मिळतं, ते या रेघेच्या जवळ जातं. तीन हजारांचा प्लॅन तिच्या आसपासही नाही, आणि नंदुरबारमधल्या धडगावच्या कुटुंबाचं उत्पन्न देशाच्या सरासरीएवढं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी सांगेन: एकट्या घराने घेण्याची ही वस्तू नाही.

मग गावाने मिळून घेता येईल का?

हाच खरा प्रश्न, आणि विचारतात मात्र फार कमी लोक.

समजा, महिन्याचे ४,००० आणि यंत्राचे ३५,००० लागले. हे माझे कल्पित आकडे आहेत, दरपत्रक नव्हे. यंत्राचा खर्च तीन वर्षांत वाटला तर महिन्याला हजार. एकूण पाच हजार. चाळीस घरांच्या पाड्याला घरटी सव्वाशे रुपये. आता गणित शक्यतेच्या कक्षेत आलं.

अडचणी दोन. पहिली कायद्याची: घरगुती प्लॅन घेऊन तो शेजाऱ्यांना विकणं स्टारलिंकच्या अटींत बसत नाही, त्यासाठी व्यावसायिक किंवा सामुदायिक प्लॅन लागतो. भारतात वाय-फाय वाटून विकण्याचा सरळ मार्ग पीएम-वाणी योजनेचा आहे. डिसेंबर २०२०मध्ये ती मंजूर झाली. चहाची टपरी, किराणा दुकान, बचत गट, कुणीही परवाना न काढता सार्वजनिक वाय-फायचं केंद्र चालवू शकतं आणि दहा-वीस रुपयांची कूपनं विकू शकतं. ग्रामपंचायतीने उपग्रह कंपनीशी बोलताना ‘पीएम-वाणीला चालेल असा प्लॅन आहे का?’ हे पहिल्याच बैठकीत विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

दुसरी अडचण माणसांची. राउटर बंद पडला तर चालू कोण करणार? वर्गणी कोण गोळा करणार? नळपाणी योजनेच्या मोटारीचं बिल कोण भरतं यावरून ज्या गावात वर्षानुवर्षं भांडण आहे, तिथे इंटरनेटचं बिलही त्याच वाटेने जाणार. बचत गटाकडे हिशेब दिला तर निदान वही तरी नीट राहते.

याहून चांगला पर्याय आहे तो मोबाईल टॉवरला उपग्रहाची जोडणी देण्याचा. टॉवर गावात, त्याचं मागचं टोक उपग्रहावर, आणि गावकऱ्यांच्या हातात नेहमीचाच फोन, नेहमीचंच रिचार्ज. कुणाला नवं यंत्र घ्यायला नको. जुलै २०२२मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी बीएसएनएलमार्फत फोरजीची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, तिच्यात असे टॉवर बसतात. तुमच्या ग्रामसभेला ठराव करायचाच असेल तर ‘डिश द्या’ असा न करता ‘टॉवर द्या, फायबर येत नसेल तर उपग्रहावर द्या’ असा करा.

स्टारलिंकचा स्पीड २०० एमबीपीएसपर्यंत म्हणतात. खरंच मिळेल?

पाटीला झेपेल. पण आकाशातली जागा एसटीच्या सीटसारखी आहे, तिकीट काढणारे वाढले की उभं राहावं लागतं. भारतावर स्टारलिंकच्या पहिल्या पिढीची एकूण क्षमता ६०० जीबीपीएसच्या आसपास सांगितली गेली, आणि राज्यमंत्री चंद्रशेखर यांच्या म्हणण्यानुसार ग्राहक जास्तीत जास्त २० लाख. भागाकार करा: सगळे एकदम बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.३ एमबीपीएस. सगळे एकदम कधीच बसत नाहीत, म्हणून रात्री दोनला झकास चालेल आणि संध्याकाळी आठला रडेल.

आणखी एक गोष्ट भूगोलाची. स्टारलिंकचे बरेच उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंश कललेल्या कक्षांत फिरतात. अशा कक्षांमुळे त्यांची दाटी ५३ अंश अक्षांशाजवळ, म्हणजे इंग्लंड-जर्मनीवर, सगळ्यांत जास्त होते. महाराष्ट्र आहे साधारण १६ ते २२ अंशांत. तिकडच्या यूट्यूबरने दाखवलेला स्पीड बघून इथली आशा बांधू नका.

पावसात बंद पडेल का?

मुसळधार सरीत टीव्हीचं चित्र फुटतं ना, कारण तेच आहे. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, जाड थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. रिमझिम काही करत नाही. सावंतवाडी-आंबोलीकडचा जुलै मात्र अधूनमधून जोडणी पाडणारच, काही मिनिटांसाठी. तुमच्याकडे ऊन असून नेट मंद झालं तर गेटवे जिथे आहे तिथे पाऊस असू शकतो. गेटवेच्या लहरी आणखी आखूड, त्यामुळे त्यांना पावसाचा त्रास जास्त.

पाटीत बर्फ वितळवायची सोय असते. आपल्याकडे तिचा उपयोग शून्य.

अंगणात आंबा-फणस आहेत. आणि वाडी दरीत आहे.

मग जपून. टीव्हीच्या छत्रीला आकाशाची एक फट पुरते, या पाटीला मोठा तुकडा लागतो, क्षितिजापासून साधारण २५ अंशांच्या वरचा. फणसाची एक फांदी आड आली तरी उपग्रह तिच्यामागून जाताना दर थोड्या वेळाने कॉल तुटतो. कंपनीचं मोफत ॲप आहे, फोनचा कॅमेरा आकाशाकडे फिरवला की कुठे अडथळा आहे ते दाखवतं. यंत्र घ्यायच्या आधी ते करा, आणि पानं भरलेली असताना करा. सह्याद्रीच्या घळीत दोन्हीकडे कडा असेल तर झाड तोडूनही फायदा नाही.

लाइट गेली तर?

पाटीही गेली. नेहमीच्या पाटीला ७५ ते १०० वॅट लागतात, छोट्या ‘मिनी’ला २५ ते ४०. शंभर वॅटने दिवसरात्र चालवली तर महिन्याला ७२ युनिट, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर बिल एकदम चढतं, तेव्हा हेही खर्चात धरा. भारनियमनाच्या गावात छोटी पाटी, एक सौर पॅनेल आणि बरी बॅटरी हा मेळ जमतो. शाळेत फक्त शाळेच्या वेळेत चालू ठेवली तर आणखी सोपं.

थेट मोबाईलवर उपग्रह येणार म्हणतात, मग पाटी कशाला?

तंत्र खरं आहे. अमेरिकेच्या एएसटी स्पेसमोबाइलचा ब्लूबर्ड उपग्रह याच कामाचा, आणि तो डिसेंबर २०२५मध्ये आपल्याच एलव्हीएम-३ने सोडला. पण एका उपग्रहाचा झोत मोठ्या प्रदेशावर पसरतो आणि त्याची क्षमता तिथल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. संकटात निरोप पाठवायला उत्तम, गावाचं रोजचं नेट म्हणून नव्हे.

पुतण्या अमेरिकेत असतो. त्याच्याकडून यंत्र मागवू का?

मुळीच नको. परवानगीशिवाय उपग्रह संपर्काचं यंत्र बाळगणं आणि वापरणं इथे गुन्हा ठरू शकतं. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी पर्यटकाला खिशात मावणाऱ्या उपग्रह संदेशयंत्रावरून अडवलं होतं. शिवाय स्टारलिंकचं खातं देशाशी बांधलेलं असतं, इथे परवानगी नसलेली पाटी जोडलीच जाणार नाही. पैसे जातील आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या वर.

एक जण गावात आलाय, आगाऊ नोंदणीचे पैसे मागतोय.

देऊ नका. २०२१मध्ये खुद्द स्टारलिंकने परवान्याआधी भारतात नोंदणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दूरसंचार विभागाने लोकांना जाहीरपणे सावध केलं आणि कंपनीला पैसे परत करावे लागले. कंपनीची ही गत, तर मोटरसायकलवर पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्याचं काय घ्या! पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळवायच्या आत तक्रार पोचली तर ते बँकेत अडवता येतात.